आश्रुबानं मोडलेला पलंग

चौऱ्याण्णव सालच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली तेव्हा मी सेलूला आश्रुबाच्या घरी होतो. बाहेर पोरं निळा गुलाल उधळत होती. कुणीतरी दारात पेढ्यांचा पुडा देऊन गेलं. आश्रुबानं पुडा घेतला, आधी दोन्ही खिडक्या लावल्या, दाराला कडी घातली, ती ओढून पाहिली आणि मग पेढा तोंडात टाकला.

“सोळा वर्षं वाट बघितली न्हवं तुमी?” त्याची बायको चांगुणाबाई वैतागून म्हणाली. “मंग आज तरी दार उघडं ठिवा की.”

“आजच तर ठिवायचं न्हाई,” आश्रुबा म्हणाला. “अठ्ठ्याहत्तरला ठराव झाला त्या दिवशीबी असेच पेढे आले होते.”

मी पंडित, त्याचा कॉलेजपासूनचा मित्र. माझं डोकं तापट आणि त्याचं काळीज सशाचं, त्यामुळं आमचं पटतं कसं याचं लोकांना नवल वाटतं. आश्रुबा एका शाळेत सुतारकाम शिकवतो. डिग्री अर्धी राहिली, पुढं सुतारकामाचा कोर्स करून नोकरीला लागला. हातात कसब असं की मोडकी खुर्ची त्याच्याकडं बघूनच सरळ उभी राहते. पण बसमध्ये त्याला दाराजवळचीच सीट लागते. हॉटेलात पाठ भिंतीला लागते. नव्या गावी गेला की मागच्या बाजूनं वाट कुठं निघते ते आधी बघून येतो. शिपायानं ‘हेडसरांनी बोलावलंय’ म्हटलं की हा आधी आपली पिशवी आवरून ठेवतो. शाळेतले लोक टिंगल करतात. मीही पुष्कळ केली. पण ही भीती त्याच्या अंगात जन्मापासून नव्हती. अठ्ठ्याहत्तर सालच्या जून ते ऑगस्टात ती आली, आणि तेव्हा मी त्याच खोलीत राहत होतो. ती माझ्याही अंगात शिरली, फक्त माझ्यात आली की तिचा राग होतो.

आम्ही परभणीला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मी देवगाव फाट्याजवळच्या खेड्यातला, तो येलदरीचा. त्याचे वडील धरणाच्या वीजघरात खलाशी. धरणाच्या कॉलनीतल्या वर्कशॉपात एक म्हातारा सुतार होता, त्याच्याजवळ बसून आश्रुबानं सुट्ट्यांमध्ये करवत, रंधा, पटाशी सगळं शिकून घेतलेलं. वसतिगृहात त्या वर्षी जागा मिळाली नाही. चार घरी खोली विचारली. चारही ठिकाणी आधी गाव विचारलं, मग आडनाव, आणि आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. आम्ही बौद्ध, हे त्यांना आडनावावरून कळायचं.

पाचवं घर मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत केशरबाईंचं. पन्नाशीच्या बाई, चैत्रात नवरा वारलेला. पुढं त्यांचा मुलगा बन्सीधर याचं सरकी-पेंडीचं दुकान, मागं त्या राहायच्या, आणि त्यांच्या डोक्यावर लाकडी तक्तपोशीच्या मजल्यावर ही खोली. जिना गल्लीतून वेगळा.

“कुठला रे बाबा तू?” त्यांनी आश्रुबाला विचारलं.

“येलदरीचा, मावशी.”

“बाप काय करतो?”

“धरणावर हाय.”

“सरकारी हाय म्हना की,” असं म्हणून त्यांनी किल्ली दिली. आडनाव विचारायचं त्यांच्याकडून राहून गेलं आणि सांगायचं आमच्याकडून. आम्ही खोटं बोललो नाही, खरं सांगितलं नाही एवढंच. या दोन्हींत फरक आहे, असं आम्ही एकमेकांना रोज समजावत होतो. बाबासाहेबांचा फोटो आश्रुबानं ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला. ऑक्टोबरात परीक्षा होती. ही खोली गेली तर सहावी मिळणार नव्हती, आणि खोली नाही म्हणजे वर्ष गेलं, हे दोघांनाही माहीत होतं. आश्रुबाच्या वडलांनी तर निक्षून सांगितलं होतं की नापास झालास तर सरळ धरणावर ये, बिगारी लावून देतो.

खोलीत एक खुंटी आणि एक कोनाडा, बाकी शून्य. आम्ही सामान जमवायला लागलो. लिलावातून फिरत फिरत आलेली एका हाताची सरकारी खुर्ची मिळाली. कुठल्याशा शाळेनं टाकून दिलेला तीन पायांचा बाक मिळाला. टेबल म्हणून चहाचं खोकं. सगळं असं की एकाचं दुसऱ्याशी बोलणं नाही. मग जुन्या सामानाच्या दुकानात एक पलंग दिसला, नवारीचा, भडक हिरवा ऑइलपेंट फासलेला. आश्रुबानं नखानं रंग खरवडला आणि माझ्या कानात म्हणाला, “सागवान हाय. तोंड बंद ठेव.”

“कुणाचा हाय, चाचा?” मी दुकानदाराला विचारलं.

“किसका तो भी था,” चाचा म्हणाले. “अब तुम्हारा.”

बाजेच्या भावात सागवान मिळालं म्हणून आम्ही हुरळलो. पलंग सुटा करून हातगाड्यावर घातला आणि भर दुपारी, बन्सीधर मोंढ्यात आणि केशरबाई झोपलेल्या असताना, वर नेऊन जोडला. खरं सांगायचं तर आमचा शहाणपणाच नडला. त्या गल्लीतल्या कुठल्याही पोरानं चाचांना आणखी एक प्रश्न विचारला असता. तो प्रश्न असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं.

पलंगावर आश्रुबा झोपायचा, मला नवार टोचायची. त्यानं कूस बदलली की पलंग करकर वाजायचा. आठवडाभरानं केशरबाई जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या.

“पोरहो, राती तुमाला काई आवाज येतो का?”

“कसला आवाज, मावशी?”

“न्हाई. उगं इचारलं.”

त्या आमच्याकडं बघत नव्हत्या, आमच्या मागं खोलीत बघत होत्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता. आश्रुबा दार लावून म्हणाला, “पंडित, त्यांना कायतरी कळलंय.” मी म्हणालो, काही कळलेलं नाही, म्हाताऱ्या माणसाला झोप येत नाही. पण त्या शनिवारी केशरबाई बसनं पोखर्णीला नरसिंहाला जाऊन आल्या आणि दुसऱ्या दिवशी जिन्याच्या खालच्या पायरीवर आडवी राखेची रेघ दिसली. पुढच्या शनिवारी पुन्हा. अंगारा होता तो. आता आमच्या पायरीवर अंगारा टाकतात म्हणजे आमच्यावरच की. आश्रुबा ती पायरी ओलांडून जायला लागला. मी मुद्दाम पाय देऊन जायचो, पण त्या दिवशी जेवण जायचं नाही, हेही खरं.

मग जुलै संपता संपता विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला. वस्तीत पेढे वाटले गेले. दोन दिवसांत त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. अमक्या गावात घरं पेटवली, तमक्या गावात पाणी तोडलं, माणसं रानात लपली, अशी रोज नवी बातमी. कॉलेज बंद पडलं. गावी जावं तर एसट्या बंद. बन्सीधरच्या दुकानाबाहेर, आमच्या जिन्याच्या तोंडाशी, पेंडीच्या पोत्यांवर माणसांचा अड्डा बसायला लागला. तक्तपोशीच्या फटीतून त्यांचं बोलणं शब्दन्‌ शब्द वर यायचं.

“कॉलेजातली पोरंच हायेत समद्याच्या मुळाशी. खोल्याखोल्यात घुसून बसलीत. एकेकाला हुडकून काढाय पायजे.”

वर आम्ही दोघं हालत नव्हतो. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं. मला तर कधीकधी वाटायचं, धाडधाड खाली उतरावं आणि सांगावं की हे बघा, आम्ही इथं आहोत, काय करायचं ते करा. एकदा उठलोही. आश्रुबानं माझ्या दोन्ही पायांना मिठी मारली आणि सोडलंच नाही.

“हात रिकामे ऱ्हायले की ध्यान खालीच जायलंय माझं,” तो एके दुपारी म्हणाला आणि फुटक्या बरणीची काच घेऊन पलंगाचा हिरवा रंग खरवडायला बसला. रंगाखाली आणखी एक रंग, त्याखाली गुळासारखं सागवान. तीन दुपारी तो खरवडत होता. त्या दिवसांत त्याचा चेहरा पहिल्यांदा जरा मोकळा दिसला. मी अभ्यासाचं पुस्तक उघडून त्याच्याकडंच बघत बसायचो. चौथ्या दुपारी तो उशाच्या फळीच्या मागच्या बाजूला आला आणि एकदम थांबला.

फळीवर नाव आणि निजामाच्या काळातलं फसली साल कोरलेलं होतं. चंद्रभान मुंजाजी, सन १३५२ फसली.

हे नाव आम्ही रोज वाचत होतो. खाली दुकानाच्या पाटीवर तेच होतं. चंद्रभान म्हणजे केशरबाईंचे वारलेले मालक.

“चोरीचा हाय,” आश्रुबा कुजबुजला. “यांच्याच घरचा चोरीचा पलंग आपुन यांच्याच घरात आणलाव.”

मी तसाच चाचांकडं गेलो. त्यांनी कानाला हात लावले. “तोबा तोबा, चोरी का नहीं बेटा. महाराज को दान में मिला सो. मय्यत के नाम का. घर के लोगां देख लिये तो उनकू रंज होता, करके हरा रंग मार्‍या मैं.”

परत येऊन मी आश्रुबाला सांगितलं आणि मग आम्ही दोघांनी मिळून तुकडे जुळवले. माणूस गेला की तेराव्याला त्याच्या नावानं पलंग, गादी, छत्री, जोडा असं सगळं गुरुजींना देतात, शेजदान म्हणतात त्याला. ती शेज एकदा उंबऱ्याबाहेर गेली की त्या घरानं तिच्याकडं पुन्हा बघायचंही नसतं. परत आली तर तिच्या मागं मेलेला माणूस येतो, आणि घरातल्या आणखी एकाला घेऊन जातो म्हणतात. आमच्या घरांतून हे सगळं छप्पन सालीच गेलेलं. आमच्या आईबापांनी ते टाकलं ते असं टाकलं की आमच्यासमोर त्याचं नावही काढलं नाही. म्हणून जुना पलंग घेताना ‘शेजेचा तर नाही ना?’ असं विचारायचं असतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. नाहीतर परभणीत शेंबडं पोरही ते विचारतं.

आता विचार करा. नवऱ्याला जाऊन चार महिने झालेली बाई. तिच्या डोक्यावर तिच्या नवऱ्याची शेज, आणि त्या शेजेवर झोपतो कोण? गल्लीत पोत्यांवर बसलेल्या माणसांना दोन्ही गोष्टी एका वेळी कळल्या असत्या तर आमचं काय झालं असतं, हे मी आजही मनात पूर्ण होऊ देत नाही. आश्रुबाला त्या दिवशी ताप भरला.

बाहेर नेणं शक्य नव्हतं, जिन्याच्या तोंडाशी अड्डा होता. जाळावा तर खोलीत स्टोव्ह, चूल नाही. दुसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर आश्रुबा उठून बसला आणि खोलीतल्या सामानावरून नजर फिरवत म्हणाला, “मोडायचा. मोडून समद्यात वाटून टाकायचा. पलंगच ऱ्हायला न्हाई तर वळखतील काय?”

शेजारी पिठाची गिरणी होती, दुपारी बारा ते चार चालायची. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की आश्रुबा येलदरीहून आणलेली करवत उचलायचा, थांबला की ठेवून द्यायचा. एका दुपारी मध्येच लाईट गेली. गिरणी एकदम गप्प झाली आणि करवतीचे दोन ओढे साऱ्या गल्लीत उघडे पडले.

“काय कापायलाव रे वर?” खालून बन्सीधरचा आवाज आला.

आश्रुबानं माझ्याकडं बघितलं. मीच ओरडलो, “बाकाला पाय लावायलोत, मालक!”

“लावा लावा,” तो म्हणाला. कुणीतरी हसलं. आश्रुबा करवत तशीच लाकडात ठेवून भिंतीला टेकला, आणि लाईट येऊन गिरणी सुरू झाली तरी अर्धा तास उठला नाही.

खरोखरच बाकाला पलंगाचा एक खरादी, गोल कातलेला पाय लागला. उरलेले तीन नव्या टेबलाला गेले, चौथा त्यानं बाजूच्या पट्टीतून घडवला. खुर्चीला दुसरा हात आला. पायथ्याच्या फळीची पुस्तकांसाठी मांडणी झाली. उशाची फळी टेबलाचा माथा झाली, नावाची बाजू खाली. नाव खोल होतं, रंध्यानं जाईना, म्हणून त्यानं अक्षरांत खडू-तेलाची लांबी भरली. लांबी वाळली ती पांढरी, आणि चंद्रभान मुंजाजी आधीपेक्षा ठसठशीत दिसायला लागले. मी कपाळावर हात मारला. मग चहाच्या खोक्याची फळी काढून त्यावर खिळे मारले. शेवटी सगळ्याला काचकागद घासून जवसाचं तेल पाजलं, आणि कुठल्याकुठल्या घरची ती सामानं सख्ख्या भावंडांसारखी दिसायला लागली. एवढी देखणी खोली माझ्या आयुष्यात पुन्हा झाली नाही. आणि तिथंच आमचं चुकलं. लपवायला केलेलं काम इतकं चांगलं करायचं नसतं, पण आश्रुबाच्या हाताला वाईट काम येतच नव्हतं.

केशरबाई भाडं मागायला वर आल्या त्या दारातच थबकल्या. या खेपेला चेहरा जरा तरतरीत दिसत होता. “अगं बाई, हे केवढं छान केलंय,” म्हणत त्यांनी टेबलावरून हात फिरवला. आश्रुबा भिंतीत शिरायच्या बेतात होता. त्यांनी ते जाऊन मुलाला सांगितलं असणार, कारण गुरुवारी संध्याकाळी बन्सीधर स्वतः आला.

माणूस वाईट नव्हता. जाडजूड, घामेजलेला, हसरा. त्यानं टेबलावर दोन बुक्क्या मारून पाहिल्या. खालची फळी खडखडली. आश्रुबानं माझा हात घट्ट धरला.

“लय भारी केलंस राव. गल्ल्याला असंच टेबल पायजे होतं मला. हे मला देऊन टाक, तुला दुसरं लाकूड देतो. उद्या सांच्याला हमाल पाठवतो.” मग आश्रुबाच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं विचारलं, “सुतार हाव का रे तुमी?”

“न्हाई मालक. धरणावर शिकलो.”

“मंग कोन?”

खालून कुणीतरी हाक मारली की गाडी आली, पोती उतरवायची. “आलो, आलो,” म्हणत तो जिना उतरून गेला. प्रश्न खोलीतच राहिला.

“जिना अरुंद हाय,” आश्रुबा रात्रभर एकच बोलत होता. “टेबल आडवं केल्याबिगर उतरणार न्हाई. हमाल खालच्या फळीला हात घालणार. ती निघणार. मी मावशीला जाऊन सांगतो.”

“मरायचंय का तुला?”

“त्यांनी बघून वरडण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. मला आता सोसंना, पंडित.”

मी त्याला शिव्या दिल्या. भेकडा म्हणालो. आज कळतं की भीतीनं माणूस पळतो तसाच भीतीनं समोरही जाऊन उभा राहतो, आणि ते माझ्यासारख्या बोलघेवड्याला जमत नाही.

शुक्रवारी सकाळी बन्सीधर मोंढ्यात गेल्यावर आम्ही खाली उतरलो. केशरबाई ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या. आश्रुबा उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला आणि त्यानं जमिनीकडं बघत एका दमात सांगून टाकलं.

“मावशी, तुमच्या मालकाचा पलंग आमी न कळता इकत आणला. तेराव्याला दिलेला. तो वर होता. नाव दिसल्यावर मी मोडला. बन्सीधर भाऊ न्यायलेत ते टेबल त्याचंच हाय.”

सूप थांबलं. 

“कोनता पलंग? खरादी पायाचा?”

“व्हय. उशाच्या फळीवर तेराशे बावन्न फसली हाय.”

“मपल्या लग्नाचं साल,” त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बारीक झाला. “वर त्याच्यावर कोन झोपायचं?”

“मी.”

“कवापासून?”

“आषाढ लागल्यापासून.”

“कूस बदलली की वाजायचा?”

“व्हय, मावशी. करकर वाजायचा.”

“आन मोडला कवा?”

“धा-बारा दिस झाले.”

त्यांनी पदर तोंडात कोंबला. मला वाटलं आता किंकाळी फुटणार, आणि मी गल्लीकडं बघितलं. पण केशरबाई हसत होत्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“अरे, मी मरायला टेकले होते,” त्या म्हणाल्या. “दोन साल लकवा होऊन पडले होते ते त्याच्यावर. रातभर कूस बदलायचे, मी खाली जागी. ते गेले आन आवाज गेला. आन आषाढात परत सुरू झाला, तोच आवाज, मपल्या डोक्यावर. मी म्हनलं, मपलं सेवेत काई चुकलं, म्हनून आले. कुनाला सांगावं? बन्सी म्हनला असता म्हातारी येडी झाली. शनवार शनवार पोखर्णीला जायले, अंगारा आणून पायरीला टाकायले की वरूनच परत जावा म्हनून. घास गिळत न्हवता रे.” त्यांनी हात पुढं करून आश्रुबाचं मनगट धरलं. “तूच होतास व्हय, लेकरा? ते आलेच न्हवते म्हना की.”

“न्हाई मावशी. मीच होतो.”

“उंबऱ्याबाहेर कामून बसलास? आत ये. दोघंबी या.”

त्यांनी चटई टाकली, चहा टाकला. टेबलाचं मी बघते, बन्सीला काही कळू देणार नाही, तुम्ही खुशाल राहा, परीक्षा द्या, असं त्या चुलीपाशी बसून बोलत होत्या. दोन कपांत चहा आला. महिन्याभरात पहिल्यांदा माझे खांदे खाली आले. आश्रुबाकडं बघितलं तर त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला धडकी भरली. त्याला कुणीतरी लेकरा म्हणालं होतं, आणि तेवढ्यानं तो विरघळला होता. मी त्याच्या मांडीला चिमटा काढला. त्याला तो लागलाच नाही.

“मावशी, अजून एक सांगायचंय,” तो म्हणाला. “आमी बौद्ध हाव.”

केशरबाई उठल्या. रागानं नाही. आधी जाऊन त्यांनी गल्लीकडचं दार लोटलं, फटीतून बाहेर बघितलं, आणि परत आल्या त्या चटईपासून चार हात लांब उभ्या राहिल्या. ज्या हातानं मनगट धरलं होतं तो त्यांनी पदरात घेतला होता.

“अजून कुनाला सांगितलंव?”

“कुनालाच न्हाई.”

“आजच्या आज जा. बन्सी मोंढ्यातून यायच्या आत जा. हे लोक तुमाला सोडायचे न्हाईत आन मलाबी न्हाई.”

“मावशी, परीक्षेपत्तर...” आश्रुबा म्हणाला. “ऑक्टोबर हाय परीक्षा. दुसरी खोली कुठं मिळंल?”

“पलंगाचं मी गिळलं असतं रे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच रडू येत होतं, ते मी नाकारत नाही. “हे मला गिळवत न्हाई.”

मी ताडकन उठलो. तोंडात शिव्या आल्या होत्या, पण समोर पन्नाशीची रडणारी बाई, आणि लोटलेल्या दाराबाहेर गल्ली. मी एक शब्द बोललो नाही. त्याचा राग सोळा वर्षांत उतरला नाही.

आश्रुबानं चहा संपवला. अगदी शेवटच्या घोटापर्यंत. मग कप घेऊन तो मोरीपाशी गेला, तांब्यातलं पाणी वरून ओतून घेतलं, कप आतून बाहेरून विसळला आणि दगडावर पालथा ठेवला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. केशरबाई बघत राहिल्या, नको म्हणाल्या नाहीत. माझा कप मी अर्धा भरलेला तसाच त्यांच्या चटईवर ठेवला आणि ट्रंका आणायला वर गेलो.